मागावरची मोटारसायकल

आमच्या सान रोमुआल्दोत मोटारसायकलवर एक जण दिसला तर तो कामाला निघालेला असतो. तिघं दिसले तर ते कुटुंब. पाच दिसले तर शाळा सुटली. पण दोघंच असले, दोघंही पुरुष असले, हेल्मेटची काच खाली ओढलेली असली आणि मागच्याच्या कमरेला पट्ट्याची पिशवी असली, तर शहाणा माणूस जवळच्या दुकानात शिरतो आणि नको असलेल्या वस्तूचा भाव विचारत बसतो. त्यातून तुम्ही वर्तमानपत्रात राजकारणावर लिहीत असाल तर दुकान जवळ असू दे अशी देवाची प्रार्थना करायची. आमच्या प्रांतात माझ्या धंद्यातले तीन जण असेच गेले. तिघांच्याही मयताला मी गेले होते.

मी एकतीस वर्षं लिहितेय. ‘आल्दाव’ हे आमचं आठ पानी साप्ताहिक दर शुक्रवारी निघतं, त्यात तिसऱ्या पानावर माझं सदर असतं. नाव सालूद मोरालेदा, पण गावाला मी मानाय सालूद, म्हणजे सालूदताई. ज्यांना मी छापून झोडपलंय तेही मानायच म्हणतात, फक्त दात आवळून.

खरं तर या धंद्यात मला आणलं ते कासाल्मे घराण्यानं. आमच्या गावात मेयर बदलतो, आडनाव बदलत नाही. आजोबा कासाल्मे मेयर होते तेव्हा मी त्यांच्या कचेरीत टायपिस्ट होते. त्यांची पत्रं टाइप करता करता मला कळायला लागलं की बांधलेला पूल कागदावर आहे आणि नदीवर नाही. ते मी ‘आल्दाव’च्या फिदेल आबोर्दोला सांगितलं. त्यानं छापलं, आजोबांनी मला काढून टाकलं, आणि फिदेल म्हणाला, “मानाय, टायपिंग येतंय, माहिती आहे, आता नोकरीही नाही. मग लिहीत का नाहीस?”

त्यानंतर वडील कासाल्मे आले. त्यांनी माझ्यावर बदनामीचा खटला भरला. तो नऊ वर्षं चालला. प्रत्येक तारखेला मी केळीच्या पानात भात बांधून कोर्टात जायची आणि दुपारी वकिलाबरोबर वाटून खायची. निकाल लागायच्या आत वडील वारले. त्यांच्या मृत्युलेखात मी पहिल्यांदा त्यांच्याबद्दल चार बरे शब्द लिहिले. तेही शोधून काढावे लागले.

आता नातू देल्फिन मेयर आहे. हा अकरा वर्षांचा असताना माझ्या टायपरायटरची रिबन उपसून अंगाला गुंडाळायचा आणि आजोबांच्या खुर्चीखाली लपायचा. हा काढून टाकत नाही, खटला भरत नाही. हा हसतो. जत्रेला बोलावतो, माझ्या गुडघ्याची चौकशी करतो. मला तीन कासाल्मेंमध्ये याचीच जास्त भीती वाटायची.

नोव्हेंबरच्या वादळात अर्ध्या गावाची छपरं उडाली. डिसेंबरात सरकारकडून पत्रे आले. सगळ्यांनी ट्रक येताना पाहिले, पण पत्रा कुणाला मिळाला नाही. किनाऱ्यावरच्या वस्तीत लोक मागच्या निवडणुकीचे प्लास्टिकचे फलक डोक्यावर बांधून राहत होते. हरलेले उमेदवार निदान असे तरी कुणाच्या उपयोगी पडले. पत्र्यांचं विचारलं की मेयरच्या कचेरीत एकच उत्तर मिळायचं, “यादी चाललीय.”

मी एक दिवस बर्फाच्या गाडीत बसून कासाल्मेंच्या बर्फ कारखान्यामागच्या गोदामात गेले. पत्रे तिथंच होते, छतापर्यंत रचलेले. प्रत्येक पत्र्यावर देल्फिनचा हसरा चेहरा रंगवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘देल्फिनची माया, डोक्यावर छाया.’ रंगवणाराच मला म्हणाला की निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात वाटायचे आहेत, म्हणजे लोकांना ताजं आठवेल. मी फोटो काढले. मंगळवारी लेख लिहून पूर्ण केला. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार होता, चाळीस दिवसांच्या उपासाचा पहिला दिवस, चर्चमधून कपाळाला राख लावून मी बाहेर पडले, आणि समोर रस्त्यापलीकडे लाल मोटारसायकल उभी होती.

दोघं पुरुष. पुढचा सडपातळ, मागचा पोट सुटलेला, त्याच्या कमरेला पट्ट्याची पिशवी. दोघांच्याही कपाळावर राखेचा क्रूस. मनात आलं, कमाल आहे, मारेकरीसुद्धा आधी राख लावून घेतात. मी भाड्याची ट्रायसिकल रिक्षा केली. लाल मोटारसायकल मागे. मी पोस्टात गेले. ती पोस्टासमोर. घरी आले. ती कोपऱ्यावरच्या फणसाखाली.

माझ्या मुलीला, रोवेनाला, मी सांगणार नव्हते, पण दुसऱ्याच दिवशी तिनं पाहिलं. ती हायस्कूलमध्ये गणित शिकवते, तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

“आई, ते दोघं कालही होते.”

“असतील कुणाची वाट बघत.”

“तुझी बघतायत. तू बाजारात गेलीस की जातात, तू आलीस की येतात. मी दोन दिवस बघतेय.” ती माझ्यासमोर बसली. “तू काय लिहिलंयस?”

मी सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग माझे दोन्ही हात धरले. रोवेना हात धरणाऱ्यातली नाही. “नको छापूस. निवडणूक होईपर्यंत नको. बाबा गेले, आता तू एकटी आहेस मला. पत्रे काय, आज ना उद्या वाटले जातील. तू परत मिळणार नाहीस.”

“पोलिसात जाऊ या?” मी उगाच म्हटलं.

“कुठल्या? मेयरच्या पोराचा धर्मबाप ज्या ठाण्यात बसतो त्या?”

मी तिला म्हटलं, बघू. त्या शुक्रवारी माझं सदर ऑर्किडवर होतं.

आता कबूल करून टाकते. मी घाबरले होते. इतरांच्या मयतावर मी मोठमोठ्या गोष्टी बोलले होते, लेखणी झुकत नाही वगैरे. स्वतःवर वेळ आली तशी माझी पाचावर धारण बसली. रोज सकाळी उठल्यावर आधी पडदा बोटभर सरकवून फणसाखाली बघायचं. मोटारसायकल दिसली की पडदा सोडायचा, आणि दिसली नाही तर तासभर तो धरून उभं राहायचं, कारण मग ती कुठं आहे कोण जाणे! मी वेगवेगळ्या वेळी बाहेर पडून पाहिलं. शेजारच्या डुकरांच्या गोठ्यातून मागच्या गल्लीनं जाऊन पाहिलं. गुडघाभर घाण तुडवून मी मोठ्या रस्त्याला लागले, तर ते दोघं तिथं उसाचा रस पीत उभे.

एकदा मी बाजारचा रस्ता ओलांडत होते. सडपातळ माणसानं मोटारसायकल आडवी घातली, हात वर केला आणि समोरून येणारा ट्रक थांबवला. मला वाटलं, नेम धरायला रस्ता मोकळा करतोय. मी धावले. त्रेसष्टाव्या वर्षी, या गुडघ्यानं. एका रविवारी तर दोघं चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर येऊन बसले, आणि शांतीच्या प्रार्थनेला सगळे एकमेकांना वाकतात तसे वाकून म्हणाले, “शांती असो, मानाय.” काय हा उद्धटपणा, असं मी मनात म्हटलं. पण तोंडानं “शांती असो” म्हणून टाकलं. चर्चमध्ये दुसरं काय म्हणणार?

फिदेल दर गुरुवारी विचारायचा, “पत्र्यांचा लेख कुठाय?”

“एक गोष्ट तपासायचीय अजून.”

“मागच्या गुरुवारीही एकच होती.”

“तीच आहे.”

आणि त्याच्या हातात मी दुसरं काहीतरी ठेवायची. ऑर्किडनंतर उपासाच्या दिवसांत नारळाच्या दुधातली मासळी कशी करावी यावर लिहिलं. मग चर्चच्या जुन्या घंटेवर. मग आमच्याकडच्या पिली नावाच्या बदामाची बर्फी चिवट का होते त्यावर. पाचव्या आठवड्यात मांजरावर. आमच्या घरात मांजर नाही. त्या पाचही आठवड्यांत किनाऱ्यावरच्या वस्तीत माणसं प्लास्टिकखाली भाजत होती, आणि मी ते जाणून होते. रोवेना मात्र रात्री नीट जेवायला लागली होती, म्हणून मी स्वतःची समजूत घालायची की तिच्यासाठी करतेय. ते अर्धंच खरं होतं.

त्यानंतरच्या मंगळवारी मी बाजारात गेले. बासिल्या मासळीवालीकडे बांगडे घेतले. ताजे आहेत का ते बघायला चष्मा काढून डोळ्यांजवळ नेले, मग पिशवी उचलली आणि नारळ खवणाऱ्याकडे वळले. तेवढ्यात मागून हाक आली.

“मानाय! ओ मानाय!”

मी वळले. सडपातळ माणूस गर्दीतून धावत माझ्याकडे येत होता, आणि आज पट्ट्याची पिशवी त्याच्या कमरेला होती. त्याचा उजवा हात पिशवीत होता. मागून जाड्या पोट सांभाळत धापा टाकत येत होता.

माणसाला मरताना काय सुचावं! मला वाटलं, रोवेनाच्या डब्यात आज अंडं घालायचं राहिलं. मग मला राग आला. इतका राग मला आजोबा कासाल्मेनं काढून टाकलं तेव्हाही आला नव्हता. पाच आठवडे मी या दोघांमुळे मांजरांवर लिहितेय! मी बांगड्यांची पिशवी दोन्ही हातांनी धरली आणि त्याच्या कानफटात हाणली.

पिशवी फुटली. बांगडे चौफेर उडाले. मी ओरडले, “मारतायत मला! दोघं मोटारसायकलवाले!” एवढं आमच्या बाजाराला पुरतं. बासिल्या खवले काढायचा सुरा घेऊन आली, आलंवाल्या दोघी सूप घेऊन आल्या, नारळ खवणारा करवंट्या फेकायला लागला. जाड्या जवळ पोचेपर्यंत त्यालाही चार बसल्या होत्या. सडपातळ माणूस ओल्या फरशीवर बसला होता, डोक्यावर सूप पडत होतं, आणि पिशवीतला हात त्यानं बाहेर काढून उंच धरला होता.

“चष्मा!” तो रडकुंडीला येऊन ओरडत होता. “मानाय, चष्मा! चष्मा राहिला तुमचा मासळीच्या फळीवर!”

माझाच चष्मा होता. काचेला बांगड्याचं खवलं चिकटलं होतं.

सगळे थांबले. फक्त एका आलंवालीचं सूप आधीच उगारलेलं असल्यानं एकदा आणखी पडलं.

“कोण तुम्ही?” मी विचारलं.

“मी एर्निंग,” जाड्या म्हणाला. “हा बुदोय. आम्ही... आम्हाला सांगायला बंदी आहे.”

बासिल्यानं सुरा जरा वर केला.

“मेयरनी पाठवलंय!” बुदोय फरशीवरून म्हणाला.

मी म्हटलं, “मला मारायला?”

“नाही हो, मानाय!” एर्निंगनं दोन्ही हात जोडले. “तुम्ही मरू नये म्हणून! पाच आठवडे तुमची राखण करतोय. त्या दिवशी ट्रक थांबवला तर तुम्ही धूम पळालात. आणि ते डुकरांच्या गोठ्यातून कशाला जाता हो? बुदोयचे नवे बूट गेले.”

बासिल्यानं सुरा खाली केला. “अगं बाई! म्हणजे मी राखणदाराला मारलं?”

“चांगलंच मारलंत,” बुदोय डोकं चोळत म्हणाला.

मी त्यांना तिथंच सांगितलं, मला मेयरकडे न्या, आत्ताच्या आत्ता. तिघं एकाच मोटारसायकलवर बसलो, बुदोय पुढे, एर्निंग मागे, मधे मी बांगड्यांच्या वासासकट. वाटेत कुणी आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

देल्फिन कचेरीत कॉफी पीत बसला होता, पुढ्यात बशीभर गरम पुतो, म्हणजे तांदळाचे वाफवलेले छोटे केक. मला बघून तो उठला, मग माझ्यामागे बुदोयच्या डोक्याचं टेंगूळ बघून पुन्हा बसला.

“कळलं वाटतं,” तो म्हणाला.

“देल्फिन, तू माझ्या मागावर माणसं घातलीस?”

“बसा, मानाय. पुतो घ्या.”

“माझ्या पोटात पाच आठवडे अन्न ठरत नाही आणि तू पुतो देतोस? तोंडानं सांगता आलं नसतं तुला?”

“सांगितलं असतं तर काय झालं असतं? पुढच्या शुक्रवारी सदर आलं असतं, ‘मेयर माझ्यावर पाळत ठेवतो.’”

ते खरं होतं, म्हणून मी बसले.

“हे बघा,” तो म्हणाला. “निवडणूक तोंडावर आलीय. अशा वेळी तुम्ही जिन्यावरून घसरलात तरी गाव काय म्हणेल?”

“म्हणेल, देल्फिननं ढकललं.”

“मासा खाताना काटा अडकला तर?”

“म्हणेल, काटा देल्फिनचा.”

“झालं! आणि तो आबेयान...” आबेयान म्हणजे त्याच्या विरोधात उभा असलेला उमेदवार, “तो तुमच्या शवपेटीशी प्रार्थनेचे नऊही दिवस मुक्काम ठोकेल. सगळ्यात मोठं फुलांचं चक्र त्याचं. तुमचा फोटो बोटाएवढा, त्याचं नाव हातभर. नवव्या दिवशी मी आडवा. तुम्ही मेलात की माझं राजकारण मेलं, मानाय. आजोबांनी तुम्हाला काढलं, बाबांनी कोर्टात ओढलं, दोघांनाही ते महागात पडलं. मी शिकलोय. तुम्ही मला जिवंतच परवडता.”

मला हसू फुटलं. आधी थोडं, मग आवरेना. पाच आठवड्यांची भीती हसण्यातून बाहेर पडत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी त्याच्या बशीतला पुतो उचलून खाल्ला, मग दुसरा खाल्ला. मला कुणी मारणार नव्हतं! रोवेना पोरकी होणार नव्हती! त्या क्षणी मी देल्फिन कासाल्मेच्या डोक्यावरून हात फिरवला असता, खरं सांगते.

तोही हसत होता. माझ्या पुढे बशी सरकवून म्हणाला, “आणि एक सांगू? हल्ली तुम्ही फार छान लिहिता. ते ऑर्किडचं माझ्या बायकोनं कापून फ्रिजला चिकटवलंय. मांजराचं वाचून आम्ही किती हसलो! असंच लिहीत जा. वय झालं की माणूस गोड होतो.”

तिसरा पुतो मी बशीत परत ठेवला.

त्यानं मला धमकी दिली नव्हती. एकही शब्द उणा बोलला नव्हता. पत्र्यांच्या लेखाचं त्याला माहीतही नव्हतं. त्याच्या आजोबांना आणि बाबांना एवढा आटापिटा करून जे जमलं नाही, ते याला फुकटात मिळालं होतं, आणि देणारी मीच. माझं तोंड मी स्वतःच्या हातानं बंद केलं होतं आणि वर हा माझं कौतुक करत होता. मला इतकी लाज वाटली की मी त्याला नीट निरोपही दिला नाही. घसा दुखतोय असं काहीतरी पुटपुटले आणि उठले.

संध्याकाळी रोवेना शाळेतून आली तेव्हा तिला बाजारातली बातमी वाटेतच लागली होती. दारातच तिनं मला मिठी मारली आणि हमसून हमसून रडली, मग बुदोयला बांगडे कसे बसले ते मला तीनदा सांगायला लावलं आणि प्रत्येक वेळी हसली. आम्ही भातावर नारळाच्या दुधातली मिरची घेऊन पोटभर जेवलो. जेवण झाल्यावर मी उठून कपाटातला लेख काढला.

तिचं हसू थांबलं. “आता?”

“आता.”

“आई, तो तुझी राखण करतो ती तू गोड लिहितेस म्हणून. हे छापलंस आणि तो चिडला तर? माणसं काढून घेईल. की त्याच माणसांना दुसरं काही सांगेल?”

“सांगेलही.” मी लेखाची पानं सारखी केली. “रोवेना, पाच आठवडे मला कुणीही काही केलं नाही, आणि तरी मी संपले होते. देल्फिन म्हणाला, मी छान लिहिते.”

गणिताच्या बाईच्या डोक्यात काय चाललंय ते चेहऱ्यावरून कळत नाही. मग तिनं लेख माझ्या हातातून घेतला, वाचला, आणि लाल पेननं एक आकडा दुरुस्त केला. बेरीज चुकली होती माझी. पत्रे मी मांडले होते त्याहून जास्त होते.

गुरुवारी मी लेख आणि फोटो फिदेलच्या टेबलावर ठेवले. त्यानं वाचून चष्मा कपाळावर चढवला. “ती एक गोष्ट तपासून झाली?”

“तपासायचं काहीच नव्हतं, फिदेल. घाबरले होते मी.”

“माहीत होतं. जास्त विचारलं नाही, कारण मीही घाबरलो होतो,” तो म्हणाला आणि लेख पहिल्या पानावर घेतला.

शुक्रवारी सहाला अंक बाहेर पडला. सात वाजता मी पडदा सरकवला. फणसाखाली कुणी नव्हतं. साडेसात झाले. आठ झाले. पाच आठवड्यांत ती मोटारसायकल एकदाही इतकी उशिरा आली नव्हती. रोवेना शाळेत गेली नाही. तिनं खिडक्या लावल्या, दाराला आडणा घातला आणि मला भिंतीकडच्या खुर्चीत बसवलं. मी तिला म्हणणार होते, चुकलं माझं. पण ते खोटं झालं असतं. रस्त्यावर काही वाजलं की ती माझ्या आणि दाराच्या मधे येऊन उभी राहायची. पस्तीस वर्षांची माझी पोर, हातात भाजी चिरायची फळी.

नऊ वाजता मोटारसायकलचा आवाज आला. एकीचा नाही, दोन मोटारसायकलींचा. फाटकाशी थांबल्या. पावलं वाजली, दोनापेक्षा जास्त माणसांची. दारावर थाप पडली.

“मानाय! आहात ना? एर्निंग!”

रोवेनानं मला मागे सारलं आणि फटीतून ओरडली, “काय काम आहे?”

“काम तेच! उशीर झाला, रागावू नका. मेयरनी बोलावलं होतं.”

“काय म्हणाले मेयर?” मी आतून विचारलं.

“अर्धा तास शिव्या घातल्या. आधी तुम्हाला, मग आम्हाला, मग पंख्याला, तो बंद होता म्हणून. गोदामासमोर सात वाजल्यापासून ही एवढी गर्दी झालीय, बायका अंक घेऊनच आल्या होत्या. मेयरनी स्वतःच्या हातानं कुलूप काढलं. हसत होते, पण दात दिसत नव्हते. आता पत्रे वाटणं चाललंय, यादीबिदी काही नाही. लोक म्हणतायत, चेहरा आतल्या बाजूला ठेवून ठोकू, बाहेर उन्हानं रंग उडेल.”

“आणि आमचं?” रोवेना म्हणाली. “आईचं काय म्हणाले?”

“तेच तर सांगतोय. म्हणाले, हे छापून आल्यावर आता त्या बाईला साधी सर्दी झाली तरी मी घरी बसलो. अजून दोघं घेऊन जा आणि डोळ्यांत तेल घालून राखण करा.”

रोवेनानं आडणा काढला. बाहेर चौघं उभे होते, हेल्मेट काखेत धरून. बुदोयच्या डोक्याला पट्टी होती. नवे दोघं मला बघून वाकले. रोवेनानं फळी खाली ठेवली आणि बाईंच्या आवाजात म्हणाली, “दोघं पुढच्या दाराला, दोघं मागच्या गल्लीला. गोठ्याच्या बाजूला लक्ष ठेवा, ती तिकडून निसटते. न्याहारी केलीत का?”

“नाही,” चौघंही म्हणाले.

ती भात परतायला आत गेली. तिचे खांदे हलत होते, हसत होती की रडत होती ते मला मागून कळलं नाही. मी जिना चढून वर गेले, खिडकी सताड उघडली, पलंगावर आडवी झाले आणि भर सकाळी साडेनऊला गाढ झोपले.